रेड विंग : मूकपटातील एका मूलनिवासी अभिनेत्रीची कारकीर्द

अमेरिकन मूकपटाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत 'द स्क्वॉ मॅन' या चित्रपटाची हकिगत हमखास येते. डिसेंबर १९१३ च्या अखेरीस सेसिल बी. डिमिल आणि ऑस्कर ॲपफेल या दोघांनी हॉलिवूड नावाच्या, तेव्हा फळबागांनी वेढलेल्या वस्तीत एका कोठारात मुक्काम ठोकला आणि तिथून या चित्रपटाचे काम सुरू केले. हॉलिवूडमध्ये तयार झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. नायक डस्टिन फार्नमला कंपनीत भागीदारी देऊ केली होती, त्याने रोख पैसे पसंत केले. फिल्मच्या कडेची छिद्रे चुकीच्या मापाची पडल्यामुळे चित्र पडद्यावर नाचू लागले आणि फिलाडेल्फियाहून ते दुरुस्त करून आणावे लागले. या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्यांना आता आख्यायिकेची कळा आली आहे. ते कोठारही जपून ठेवले गेले असून त्यात संग्रहालय आहे.

या साऱ्या हकिगतीत एका व्यक्तीच्या वाट्याला मात्र सहसा एखादेच वाक्य येते. ज्या स्त्रीच्या मृत्यूवर या चित्रपटाचे कथानक संपते, त्या नॅटुरिच या पात्राची भूमिका करणारी ती अभिनेत्री. श्रेयनामावलीत तिचे नाव 'रेड विंग' असे आहे, जाहिरातींतून तिला 'प्रिन्सेस रेड विंग' म्हटले जाई. तिचे खरे नाव लिलियन सेंट सिर. डिमिलने कॅमेऱ्यामागे उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती. लिलियन मात्र तोवर पाचसहा वर्षे चित्रपटांत काम करीत होती. दिग्दर्शक नवशिका आणि नायिका मुरलेली, असा तो प्रसंग होता. इतिहासाने तो नेमका उलटा करून लक्षात ठेवला. तिच्या कारकिर्दीकडे पुन्हा एकदा पाहावे असे आम्हाला वाटले, ते या उलटापालटीमुळे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे बोलायला हवे. मराठीत आपण लहानपणापासून 'रेड इंडियन' असे म्हणत आलो. अनुवादित साहसकथांनी आणि इंग्रजी चित्रपटांच्या परिचयांनी हा शब्द रूढ केला आणि आपण तो बिनदिक्कत वापरला. कोलंबसाची चूक आणि गोऱ्या वसाहतकारांची रंगदृष्टी अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत याचा विचार आपण क्वचितच केला. या लेखात आम्ही 'मूलनिवासी' हा शब्द वापरला आहे. आपल्याकडे या शब्दाला निराळे राजकीय संदर्भ आहेत याची आम्हाला जाणीव आहे, पण त्यातल्या त्यात तोच जवळचा वाटतो. 'स्क्वॉ' हा शब्द मुळात अल्गाँक्वियन भाषांतला, अर्थ 'स्त्री' एवढाच. गोऱ्यांच्या तोंडी जाऊन त्याची शिवी झाली. २०२२ साली अमेरिकेच्या गृहविभागाने संघराज्याच्या नकाशांवरील साडेसहाशेच्या आसपास स्थळनामांतून हा शब्द अधिकृतपणे काढून टाकला. 'स्क्वॉ मॅन' म्हणजे मूलनिवासी स्त्रीशी संसार करणारा गोरा पुरुष. म्हणजे शीर्षकातच दोघांचीही हेटाळणी आहे.

लिलियनचा जन्म १८८४ मधला, नेब्रास्कातील विनेबागो राखीव क्षेत्रातला. 'विनेबागो' हे शेजाऱ्यांनी दिलेले नाव. त्याचा अर्थ 'घाणेरड्या वासाच्या पाण्याजवळचे लोक' असा सांगतात. ते स्वतःला हो-चंक म्हणवतात, म्हणजे महान किंवा पवित्र वाणीचे लोक. या लोकांचे मूळ घर विस्कॉन्सिनमध्ये. एकोणिसाव्या शतकात करारांमागून करार लादून त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. १८६२ मध्ये मिनेसोटात डकोटांचा उठाव झाला. त्यात हो-चंकांचा समूह म्हणून भाग नसतानाही १८६३ मध्ये त्यांना मिनेसोटातून उचलून क्रो क्रीकच्या वैराण प्रदेशात नेऊन टाकले. उपासमारीने आणि रोगांनी तिथे माणसे मेली. उरलेल्यांपैकी अनेकजण मिसूरी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली येऊन ओमाहा लोकांच्या आश्रयाला आले. १८६५ च्या कराराने त्यांना तिथलीच जमीन मिळाली. लिलियन जन्मली ती या विस्थापनानंतरच्या पहिल्या पिढीच्या घरात. सेंट सिर या आडनावातच फ्रेंच फर-व्यापाऱ्यांच्या काळातला संकर दिसतो. 'शुद्ध रक्ताची इंडियन राजकन्या' अशी जी जाहिरात पुढे झाली तिच्याशी या वास्तवाचा काही संबंध नव्हता. हो-चंकांत युरोपीय अर्थाचे राजघराणेच नाही, मग राजकन्या कुठून येणार?

तिचे शिक्षण पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत झाले आणि १९०२ मध्ये ती तिथून पदवी घेऊन बाहेर पडली. कार्लाइलविषयी अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय तिच्या पुढच्या कारकिर्दीतला विरोधाभास कळणार नाही. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये सैन्याच्या जुन्या बराकींत ही शाळा उघडली. मुलांना आईबापांपासून शेकडो मैल दूर आणायचे, केस कापायचे, अंगावरचे कपडे उतरवून गणवेश चढवायचा, इंग्रजी नाव द्यायचे, मातृभाषा बोलू द्यायची नाही. अर्धा दिवस पुस्तके आणि अर्धा दिवस कष्टाचे काम. मुलांची 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे काढून ती देणगीदारांना पाठवली जात. त्या जोडचित्रांत पहिल्यातला पोशाख रानटीपणाची साक्ष आणि दुसऱ्यातला कोट सुधारणेची. साहित्याच्या विद्यार्थ्यांना झितकाला-शा हे नाव ठाऊक असेल. यँक्टन डकोटा समाजातील या लेखिकेने कार्लाइलमध्ये काही काळ शिकवले आणि नंतर १९०० साली 'द अटलांटिक मंथली'त आपल्या शाळकरी दिवसांच्या आठवणी लिहून या शिक्षणपद्धतीचे वाभाडे काढले. कार्लाइलच्या व्यवस्थेत 'आउटिंग' नावाचा एक प्रकार असे; विद्यार्थ्यांना गोऱ्या कुटुंबांत कामाला ठेवायचे, म्हणजे ते सुसंस्कृत होतात. मुलींच्या बाबतीत त्याचा अर्थ घरकाम. पदवी हाती आल्यावरही लिलियनने वॉशिंग्टनमध्ये कॅन्ससचे सिनेटर चेस्टर लाँग यांच्या घरी काम केले.

वॉशिंग्टनमध्येच १९०६ साली तिचे जेम्स यंग जॉन्सन याच्याशी लग्न झाले. हाच पुढे जेम्स यंग डिअर म्हणून प्रसिद्धीस आला. तो स्वतःला विनेबागोच म्हणवी. पडद्यामागचा पहिला मूलनिवासी दिग्दर्शक म्हणून चित्रपट-इतिहासकारांनी त्याला बरीच वर्षे गौरवले. ॲन्जेला अलाइस यांनी २०१३ मध्ये कागदपत्रे धुंडाळून दाखवले की तो विनेबागो नव्हता. डेलावेअरमधील नँटिकोक समाजाशी नाते असलेल्या एका मिश्रवंशीय घरातला तो होता, आणि त्या समाजाची नोंद सरकारदरबारी 'रंगीत' या सदरात होत असे. म्हणजे ज्या देशात काळा ठरणे हा शाप होता तिथे त्याने पत्नीच्या जमातीचे नाव घेऊन अधिक सुरक्षित, अधिक खपणारी ओळख स्वीकारली. त्याला तोतया म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला तसे म्हणवत नाही. वंशाचे रकाने ज्यांनी आखले त्यांना कोणी प्रश्न विचारीत नाही आणि एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात निसटणाऱ्याची मात्र चौकशी होते.

साधारण १९०८ पासून हे दांपत्य चित्रपटांत दिसू लागले. तेव्हाचा चित्रपट म्हणजे एका रिळाचा, दहा-बारा मिनिटांचा. आठवड्याला एक या वेगाने ते तयार होत आणि निकलोडियन नावाच्या पाच सेंटांच्या तिकिटांच्या खोल्यांत दाखवले जात. नटनट्यांची नावे पडद्यावर देण्याची पद्धत अजून रुळली नव्हती. केलम, लुबिन, व्हायटाग्राफ, बायसन अशा कंपन्यांतून लिलियनने कामे केली. १९०९ च्या व्हायटाग्राफच्या एका चित्रपटाचे नावच 'रेड विंग्ज ग्रॅटिट्यूड' होते. अभिनेत्रीचे पडद्याबाहेरचे नाव शीर्षकात घेतले जाण्याइतकी ओळख तिने वर्षादीडवर्षात कमावली होती. त्याच वर्षी डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'द मेंडेड ल्यूट' या चित्रपटासाठी दोघांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले. तिथे मूलनिवासी नायिकेच्या भूमिकेत होती फ्लॉरेन्स लॉरेन्स. पोशाख कसा नेसायचा, कसे चालायचे हे खऱ्या मूलनिवासी स्त्रीने दाखवायचे आणि चेहऱ्याला रंग फासून गोऱ्या नटीने भूमिका करायची, ही वाटणी किती आधीपासून ठरलेली होती ते यावरून दिसते.

१९०९ च्या अखेरीस बायसन कंपनीने आपला तांडा न्यूयॉर्कच्या परिसरातून लॉस एंजेलिसजवळच्या इडनडेल येथे हलवला. लिलियन आणि यंग डिअर त्या तांड्यात होते. कारण उघड होते: वर्षभर ऊन, मोकळी रानं, डोंगर, घोडे. डिमिल कोठाराशी पोहोचला त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. यानंतर लवकरच फ्रान्सच्या पाथे कंपनीला आपले अमेरिकन वेस्टर्न पट अस्सल दिसावेत अशी गरज भासू लागली. फ्रान्सच्या माळरानांवर काढलेल्या तिच्या वेस्टर्न पटांची अमेरिकेत टवाळी होत होती. यंग डिअरला तिने दिग्दर्शनाचे काम दिले आणि पुढे इडनडेलमधील स्टुडिओचा कारभारही त्याच्याकडे सोपवला.

यंग डिअरचा 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' (१९१०) हा लहानसा चित्रपट सुदैवाने शिल्लक आहे आणि २००८ मध्ये त्याचा राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला. त्याचे कथानक येथे सांगितले पाहिजे. एका गोऱ्या माणसाला आपल्या वारशाविषयी लंडनहून पत्र येते. तो निघाला तर परत येणार नाही या भीतीने त्याची मूलनिवासी पत्नी स्वतःवर सुरी चालवते. त्यांच्या लहान मुलीला वाटते बापानेच आईला मारले. ती धावत जाऊन टोळीला सांगते. पाठलाग होतो, तो पकडला जातो, त्याला मृत्युदंड ठरतो. इतक्यात जखमी पत्नी येऊन त्याला वाचवते, आणि नवरा, बायको, मूल तिथेच एकत्र राहतात.

आता याच्याशेजारी 'द स्क्वॉ मॅन' ठेवून पाहू. एडविन मिल्टन रॉयल याचे हे नाटक १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि अफाट गाजले. पुढे वेस्टर्न पटांचा महानायक झालेला विल्यम एस. हार्ट त्यात खलनायकाच्या भूमिकेत होता. कथा अशी: जेम्स विनगेट हा इंग्रज अधिकारी, चुलतभावाने केलेल्या अफरातफरीचा आळ स्वतःवर घेऊन अमेरिकेत येतो आणि वायोमिंगमध्ये गुरे पाळू लागतो. कॅश हॉकिन्स हा गुंड त्याच्या जिवावर उठतो तेव्हा यूट जमातीच्या प्रमुखाची मुलगी नॅटुरिच हॉकिन्सला गोळी घालते. पुढे बर्फात मरणाच्या दारी पडलेल्या विनगेटला तीच वाचवते. ती गरोदर राहते, तो तिच्याशी लग्न करतो, मुलगा होतो. काही वर्षांनी इंग्लंडहून बातमी येते की चुलतभावाने मरताना गुन्हा कबूल केला असून सरदारकी आता विनगेटकडे आली आहे. बातमीबरोबर त्याची पूर्वीची मनातली स्त्री डायनाही येते. मुलाला इंग्लंडला पाठवून सरदारपुत्र म्हणून वाढवायचे ठरते. इकडे हॉकिन्सच्या खुनासाठी नॅटुरिचला अटक होण्याची वेळ येते. मूल हिरावलेले आणि दारात शेरीफ, अशा अवस्थेत ती स्वतःला संपवते. गोरा माणूस आपल्या वर्णाच्या स्त्रीकडे आणि आपल्या उमरावपदाकडे परतायला मोकळा होतो.

दोन्हीकडे गोरा पती, मूलनिवासी पत्नी, अपत्य, इंग्लंडहून येणारा वारसा आणि पत्नीने स्वतःवर उगारलेले शस्त्र. फरक शेवटात आहे, आणि तो साधा नाही. रॉयलचे नाटक १९१० मध्ये अमेरिकेत घरोघरी ठाऊक होते. यंग डिअरने त्याला दिलेले उत्तर म्हणूनच त्याचा चित्रपट वाचावा असे आमचे मत आहे. मिश्रविवाहाला अनेक राज्यांत कायद्याने मनाई असण्याच्या काळात, असे कुटुंब टिकू शकते एवढेच तो म्हणतो. आणि नियती अशी की त्याच दिग्दर्शकाच्या पत्नीला चार वर्षांनी मूळ कथेतली, मरणारी बायको उभी करावी लागली.

ती तिने कशी केली? 'द स्क्वॉ मॅन'ची प्रत टिकून असल्याने याचे उत्तर आजही पडद्यावर शोधता येते. चित्रपट म्हणून तो फारसा ग्रेट नाही. नाटकाची छाया जागोजागी जाणवते, हातवारे भरपूर, कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला. या सगळ्या लगबगीत लिलियन कमीत कमी हालचाल करते. ती वळते ती हळू. पाहते ती स्थिर. मूकपटाच्या अभिनयाविषयी आपण जे पूर्वग्रह बाळगतो, म्हणजे डोळे विस्फारणे, छातीवर हात मारणे, त्यांपैकी तिच्याकडे जवळजवळ काही नाही. यावर आक्षेप घेता येईल की 'अबोल, निश्चल इंडियन' हाही एक साचाच होता. खरे आहे. पण मुलाला तिच्यापासून दूर नेतात त्या प्रसंगात ही निश्चलता साच्याच्या पलीकडे जाते असे आम्हाला वाटते. सुधारणेच्या नावाखाली मूल आईकडून काढून दूरच्या देशात पाठवणे हे रॉयलच्या नाटकात भावुक कलाटणी देण्यासाठी येते. कार्लाइलच्या विद्यार्थिनीसाठी ते तिच्या लहानपणाचे वर्णन होते. पात्रयोजना करणाऱ्यांना हे सुचले असेल असे आम्हाला वाटत नाही, आणि पडद्यावर त्याचा उल्लेखही नाही. पण एकदा हे ठाऊक झाल्यावर तो प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही.

याच चित्रपटात तिचा बाप, टोळीप्रमुख टॅबिवाना, याची भूमिका जोसेफ सिंगलटन या गोऱ्या नटाने केली. मुलगी खरी आणि बाप रंगवलेला! 'अस्सल' या शब्दाचा त्या धंद्यातला अर्थ यावरून ध्यानात यावा. अस्सलपणा जाहिरातीपुरता हवा होता, आणि एका चेहऱ्यावर भागत होता.

कार्लाइलमध्ये जो पोशाख अंगावरून उतरवला गेला तोच, किंवा त्यासारखा दिसणारा, पोशाख चढवण्याचे तिला आता पैसे मिळत होते. 'आधी' आणि 'नंतर' या छायाचित्रांचा क्रम सिनेमाने उलटा केला. पण तिला मिळालेला पोशाख हो-चंकांचा नव्हताच. चित्रपटांतील मूलनिवासी माणूस हा सपाट प्रदेशातल्या जमातींच्या वेशभूषेवरून तयार केलेला एक सरमिसळ पुतळा होता. ती कधी यूट झाली, कधी आणखी कोणी. केसांत तेच पीस, कपाळावर तीच पट्टी. या गोष्टीचा मूलनिवासींना राग येत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. १९११ मध्येच काही जमातींच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टनला जाऊन चित्रपटांतील आपल्या विकृत चित्रणाविरुद्ध तक्रार केली होती. कार्लाइलच्या पहिल्या तुकडीतला लकोटा विद्यार्थी लूथर स्टँडिंग बेअर पुढे चित्रपटांत नट म्हणून आला, निर्माता थॉमस इन्स याला चुका दाखवून देत राहिला आणि अखेर १९२८ मध्ये आपले आत्मकथन लिहून त्याने आपली बाजू मांडली. लिलियनने असे पुस्तक लिहिले नाही.

'द स्क्वॉ मॅन'ने निर्मात्यांना खर्चाच्या कितीतरी पटींनी पैसे मिळवून दिले आणि लास्की-डिमिल यांच्या कंपनीचा पाया घातला; तीच पुढे पॅरामाउंटमध्ये विलीन झाली. लिलियनच्या वाट्याला यातून काय आले? त्याच वर्षी सेलिग कंपनीच्या 'इन द डेज ऑफ द थंडरिंग हर्ड'मध्ये ती टॉम मिक्सबरोबर दिसली. ओक्लाहोमातील पॉनी बिलच्या कुरणातील खरे गवे या चित्रपटात धावतात. नायिका बेसी आयटन. लिलियन 'स्टारलाइट', म्हणजे पकडलेल्या गोऱ्या नायकावर जीव जडलेली आणि त्याला त्याच्या प्रेयसीसह पळून जायला मदत करणारी तरुणी. प्रेम करायचे, वाचवायचे आणि बाजूला व्हायचे. १९१६ च्या 'रमोना'त, हेलन हंट जॅक्सन यांच्या कादंबरीवरील चित्रपटात, ती नायिकेची आई झाली. त्यानंतरची कामे तुरळक. विशीच्या दशकात ती पडद्यावरून जवळजवळ नाहीशी झाली.

याची कारणे वैयक्तिक आहेत आणि तशी नाहीतही. यंग डिअर १९१३ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये गंभीर आरोपांत सापडून इंग्लंडला निघून गेला; दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि तिचा धंद्यातला आधार गेला. पण त्याहून मोठे कारण उद्योगाच्या स्वरूपात आहे. एका रिळाच्या काळात मूलनिवासी नायिकेच्या कथा भरपूर निघत, कारण त्या स्वस्त होत्या आणि आठवड्याला नवे काही हवे होते. पूर्ण लांबीचा चित्रपट आला, तारकापद्धती आली, आणि तारका म्हणजे गोरी असे समीकरण पक्के झाले. त्याच काळात 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' या मालिकेत हेलन होम्स आणि नंतर हेलन गिब्सन धावत्या आगगाडीवर उड्या मारत होत्या. घोडदौडीत लिलियन कमी नव्हती. पण पश्चिमेच्या मोकळेपणाचा आनंद लुटणारी स्त्री कोण असावी हे ठरून गेले होते. मूलनिवासी स्त्रीला कथेत स्थान होते ते मरण्यापुरते किंवा मागे सरण्यापुरते. दुसरीकडे जोसेफिन वर्कमन ही कॅलिफोर्नियातील एका जुन्या जमीनदार घराण्यातली स्त्री 'प्रिन्सेस मोना डार्कफेदर' या नावाने मूलनिवासी भूमिका गाजवत होती. पदवीही तीच, पिसेही तीच.

डिमिलने 'द स्क्वॉ मॅन' आणखी दोनदा काढला, १९१८ मध्ये आणि पुन्हा बोलपट म्हणून १९३१ मध्ये. एकाच दिग्दर्शकाने एकच कथा तीनदा करावी हे दुर्मीळ. १९१८ मध्ये नॅटुरिच झाली ॲन लिटल, गोरी. १९३१ मध्ये लुपे व्हेलेझ, मेक्सिकन. मूलनिवासी अभिनेत्रीने ही भूमिका केली ती फक्त पहिल्यांदा. अमेरिकन चित्रपटसृष्टी या बाबतीत पुढे गेली असे आपण सहज गृहीत धरतो. हा क्रम ते गृहीत मोडून काढतो. यातल्या १९१८ च्या आवृत्तीचे फक्त अखेरचे रीळ आज उरले आहे. मूकपटांची ही अवस्थाच आहे. काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतील पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे सत्तर टक्के नष्ट झाले आहेत. एका रिळाच्या पटांची हानी वेगळी, आणि लिलियनची उमेदीची वर्षे त्यांतच गेली.

अशा कारकिर्दीचे मोल कसे ठरवायचे, यावर आमच्यातच एकमत नाही. तिने साच्याला शरीर दिले, एवढेच झाले, असे एक म्हणणे. तिच्या उपस्थितीमुळेच साचा तडकला, असे दुसरे. पहिल्या म्हणण्यात तिच्यापुढचे पर्याय विसरले जातात: कार्लाइलची पदवी हातात असलेल्या मूलनिवासी स्त्रीला १९०६ मध्ये दुसऱ्याच्या घरातली धुणीभांडी उपलब्ध होती. सर्व मूलनिवासींना अमेरिकेचे नागरिकत्वही १९२४ मध्ये मिळाले. दुसऱ्या म्हणण्यात आपली आजची इच्छा तिच्यावर लादली जाते. लिंडा वॅगनर यांनी २०१९ मध्ये तिचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले, त्यामुळे निदान आता वाद घालायला पुरेसा तपशील हाती आहे. आम्हाला त्यातून दिसते ती पोटासाठी, आणि काही प्रमाणात हौसेने, काम करणारी एक कुशल व्यावसायिक. तिच्याकडून बंडाची अपेक्षा करण्याआधी तिच्याबरोबरच्या गोऱ्या अभिनेत्रींकडून आपण ती करतो का, हेही विचारायला हवे.

पडदा सुटल्यावर ती न्यूयॉर्कला स्थायिक झाली. मणीकाम आणि पिसांचे काम करून ती मूलनिवासी पोशाख तयार करी, शाळांतून आणि सभांतून आपल्या लोकांविषयी बोलत असे. शहरात हळूहळू वाढत गेलेल्या मूलनिवासी वस्तीत ती एक आदरणीय वृद्धा होती. चित्रपट कंपन्यांच्या कपड्यांच्या पेट्यांतून आलेले सरमिसळ पोशाख जिने वर्षानुवर्षे अंगावर वागवले, ती आता स्वतःच्या हाताने पोशाख शिवत होती.

२७ मार्च १९७३ रोजी ऑस्कर समारंभात मार्लन ब्रँडोच्या वतीने सशीन लिटलफेदर ही तरुणी मंचावर आली आणि चित्रपटांत मूलनिवासींना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध म्हणून तिने पुरस्कार नाकारला. सभागृहात टाळ्यांबरोबर हुर्योही झाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिची क्षमा मागितली ती २०२२ मध्ये; त्याच वर्षी तिचे निधन झाले आणि लगोलग तिच्या बहिणींनी सांगितले की ती मूलनिवासी वंशाची नव्हतीच. यंग डिअरचीच गोष्ट पुन्हा. त्या रात्री लिलियन सेंट सिर न्यूयॉर्कमध्येच राहत होती, वय नव्वदीला टेकलेले. पुढल्या वर्षी, मार्च १९७४ मध्ये, तिचे तिथेच निधन झाले. दफन नेब्रास्कात, विनेबागो राखीव क्षेत्रात झाले.